कटिंग मशीन घ्यावं की लंडनचं पुस्तक?

प्रश्न

बडोद्याच्या जुन्या भागात बुकबाइंडिंगचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते.

वय ४३. प्रिंटमेकिंग शिकल्या, मग एका जुन्या कारागिराच्या हाताखाली बांधणी शिकल्या. हाताने शिवलेल्या डायऱ्या, प्रबंध, विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ, अधूनमधून एखाद्या चित्रकाराचं मोजक्या प्रतींचं पुस्तक, असं काम चालतं. गेली काही वर्षं त्या हातछपाईची आणि कलात्मक बांधणीची पुस्तकं जमवताहेत. दोन कपाटं भरली. पार्सलं घरी न मागवता वर्कशॉपच्या पत्त्यावर मागवतात. एकदा यजमानांना कपाट दिसलंच. ते म्हणाले, "हलवाई कधी दुसऱ्याच्या दुकानातले पेढे विकत आणून लपवून ठेवतो का?" ते वाक्य मनाला लागलं.

आता लंडनच्या एका विक्रेत्याकडे डव्ह्ज प्रेस या तिथल्याच जुन्या हातछापखान्याचं एक पुस्तक आलंय, मूळ वेलमच्या (न कमावलेल्या कातड्याच्या) बांधणीत. टपालखर्च, सीमाशुल्क धरून दीड लाखाच्या घरात जाईल. नेमके तेवढेच पैसे नव्या कटिंग मशीनसाठी बाजूला काढलेले आहेत. विक्रेता म्हणतो, अशी प्रत पुन्हा येणार नाही. दुसरं दुखणं असं की थोरांचं काम पाहिलं की हात थांबतात, स्वतःचं काही करावंसंच वाटत नाही. तिसरं, सासूबाईंकडे शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेली जुनी पोथी आहे, पानं कडेनं झिजली आहेत. तिला चामड्याची नक्षीदार बांधणी करून द्यावी असं मनात आहे. आणि जाता जाता: मुंबईच्या एका इंटिरियर डेकोरेटरनं कपाटातली चामडी पाठीची पुस्तकं फुटाच्या हिशेबानं विकत मागितली आहेत. काय करावं?

उत्तर

ताई,

पेढ्यांपासूनच सुरुवात करते, कारण ते वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतं. कसबी हलवाई गावात नवं दुकान निघालं की पाव किलो पेढे आणतोच. तोडून बघतो, खवा किती भाजलाय, साखर कधी पडली, हे जिभेवर ओळखतो. फक्त तो लपवून ठेवत नाही. तुम्हाला त्या वाक्यातलं 'विकत' ऐकू आलं. यजमानांना बहुधा 'लपवून' म्हणायचं होतं. त्यांच्याशी काय बोलायचं ते शेवटाकडे सांगते. तो भाग तुम्हाला वाटतो त्याहून सोपा आहे.

अवघड आहे ते वेगळंच. तुमच्या पत्रात 'निर्दोष प्रत', 'मूळ बांधणी', 'संच पुरा करायचाय', 'पुढे भाव वाढेल' असे शब्द जागोजाग आहेत. हे शब्द तुमचे नव्हेत. ते विक्रेत्यांच्या कॅटलॉगमधून आलेत आणि ज्यांच्यासाठी ते कॅटलॉग निघतात त्या गिऱ्हाइकांचे आहेत. असा संग्राहक पुस्तक घेतो ते जसंच्या तसं जपून, जमलं तर चढ्या भावानं पुढच्याच्या हवाली करायला. त्यानं ते उलगडून, उजेडासमोर धरून, शिवण मोजत बसावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. तुम्ही बांधणी करता. तुम्हाला पुस्तक पाहिजे ते त्याला काहीतरी विचारण्यासाठी. मग खरेदीचे नियम त्यांचे आणि गरज तुमची, असं कसं चालेल?

ज्याच्या घराण्यातलं पुस्तक तुम्ही घेऊ बघताय, त्या विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कलावंताचंच बघा ना. १८९१ साली त्यानं लंडनच्या हॅमरस्मिथ भागात केल्म्स्कॉट प्रेस काढला. त्याआधी तो पंधराव्या शतकातली छापील पुस्तकं विकत घेत सुटला होता. पैसेवाला होता, हौस होती, हे खरंच. पण त्यानं घेतलेल्या पुस्तकांपैकी काहींचं पुढे काय झालं? व्हेनिसमध्ये १४७० च्या दशकात निकोलस जेन्सननं छापलेल्या पानांचे मोठे केलेले फोटो छपाईतला जाणकार मित्र एमरी वॉकर यानं त्याला करून दिले. मॉरिसनं ती अक्षरं गिरवली, पुन्हा पुन्हा गिरवली, मग फोटो बाजूला सारून स्वतःची काढली. त्यातून त्याचा गोल्डन टाइप तयार झाला. त्याच्या कपाटातली पुस्तकं कामाच्या टेबलावर आली होती. तुमची आलीत का? पत्रात तुम्ही काय घेतलं, कितीला घेतलं, कुणाकडून घेतलं हे सगळं लिहिलंय. त्यातलं एखादं उघडून त्यावरून काय करून पाहिलं, याचा एका ओळीत उल्लेख नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला विक्रेत्यांना आवडणार नाही. मोडकी पुस्तकं घ्या. कारागिराला धडधाकट पुस्तकापेक्षा मोडकं पुस्तक जास्त शिकवतं, आणि ते मिळतंही पाव किमतीत. एकोणिसाव्या शतकातलं, पुढचा पुठ्ठा सुटलेलं एखादं कातडी पुस्तक हातात घ्या. पुठ्ठा बाजूला केला की सुतळ्या दिसतात, त्या पुठ्ठ्यातल्या भोकांतून कशा ओवल्या, टोकं पिंजून खळीनं कशी बसवली ते दिसतं. पाठीवरचं कातडं सोलपटलं असेल तर आत जुन्या रद्दीच्या पट्ट्या डकवलेल्या दिसतील. आपल्याकडच्या बांधणीत कधी हिशेबाच्या वहीचा तुकडा निघतो, कधी मोडीतल्या दोन ओळी. पाठीला करवतीनं खाचा पाडून सुतळी आत बसवलीय की सुतळीचे उंचवटे खरेच आहेत, की वर नुसती पुठ्ठ्याची खोटी पट्टी चिकटवून उंचवट्याचा देखावा केलाय? धडधाकट पुस्तकात हे कळायला पुस्तक फाडावं लागेल. तुमच्याकडच्या यादीत गोल्डन कॉकरेल या इंग्रजी छापखान्याचं एक पाठ फाटलेलं पुस्तक आहे आणि त्याबद्दल तुम्ही 'चुकून घेतलं' असं लिहिलंय. माझ्या मते तुमच्या दोन कपाटांतलं ते सर्वांत कामाचं पुस्तक असेल.

आता डव्ह्ज.

तुम्ही ४३ व्या वर्षी त्याच्या प्रेमात पडलात याचं मला नवल नाही. डव्ह्ज काढणारा कॉबडन-सँडरसन हा बॅरिस्टर माणूस. वकिलीला कंटाळलेला. १८८३ च्या सुमाराला, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, मॉरिसच्या बायकोनं, जेननं, त्याला बांधणी शिकायला सुचवलं, आणि तो खरोखरच एका बाइंडरकडे उमेदवारी करायला गेला. १८९३ मध्ये डव्ह्ज बाइंडरी, १९०० मध्ये वॉकरला भागीदार घेऊन डव्ह्ज प्रेस. चित्रं नाहीत, वेलबुट्टी नाही, नुसती अक्षरं आणि मोकळी जागा. १९०३ ते १९०५ मध्ये पाच खंडांत निघालेल्या त्यांच्या बायबलच्या पहिल्या पानावर एडवर्ड जॉन्स्टन या अक्षरकारानं काढलेलं एकच लांबलचक लाल 'I' हे इंग्रजी अक्षर आहे, समासाच्या उंचीइतकं. पुढे भागीदारी फिसकटली. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, वॉकरच्या हाती पडू नयेत म्हणून म्हाताऱ्यानं १९१६-१७ मध्ये रात्री-अपरात्री हॅमरस्मिथच्या पुलावर जाऊन ते सगळे थेम्समध्ये टाकले. २०१४ मध्ये पाणबुड्यांनी त्यातले काही वर काढले. (पुस्तकांच्या प्रेमात पडलेली माणसं पार्सलाचा पत्ता बदलण्यापलीकडे बरंच काही करू शकतात, हे यजमानांना सांगायला हरकत नाही.)

पण 'अशी प्रत पुन्हा येणार नाही' हे विक्रेत्याचं बोलणं तपासून घ्या. या छापखान्यांची पुस्तकं एकट-दुकट निघाली नव्हती. केल्म्स्कॉटचा गाजलेला चॉसर, म्हणजे त्या जुन्या इंग्रज कवीच्या काव्याचा ग्रंथ, १८९६ चा, चित्रकार बर्न-जोन्सच्या ८७ चित्रांचा, कागदावर ४२५ प्रतींचा होता आणि वेलमवर १३. डव्ह्जचं बायबल ५०० प्रतींचं. ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून जपली, म्हणून त्यातली पुष्कळ आजही शाबूत आहेत आणि लिलावात फिरून फिरून येतात. त्याउलट मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर हजारोंनी छापलेली पंचांगं, पोथ्या कुणी जपल्या? वर्ष संपलं की पंचांग चुलीत. दुर्मीळ म्हणजे महाग असं धरून तुम्ही चाललात, आणि खरी दुर्मीळ वस्तू सासूबाईंच्या देवघरात झिजतेय.

दुसरी अडचण हवेची. वेलम म्हणजे चुन्याच्या निवळीत भिजवून, ताणून वाळवलेलं कातडं. ते कमावलेलं नसतं, म्हणून हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. अशा हवेत मऊ वेलमची बांधणी कडेनं वळते, फुगते, मागे फिरते. लंडनच्या गिऱ्हाइकाला जे पुस्तक फळीवर ठेवून भागेल, त्याला तुम्हाला घट्ट बसणारी पेटी, वर्षभर एकसारखी हवा आणि अखंड लक्ष द्यावं लागेल. दीड लाखाच्या वर तो खर्च आणि तो घोर वेगळा.

तेव्हा कटिंग मशीन घ्या. कडा वाकडी जाते म्हणून तुम्ही मोठी कामं परत पाठवता असं तुम्हीच लिहिलंय, आणि मशीन वर्षभरात आपली किंमत काढील. डव्ह्जचं आकर्षण उरतंच, ते मी नाकारत नाही. त्या छपाईत अक्षर कागदात किती रुतलंय, शाईचा काळेपणा, ओळींमधली हवा, हे पडद्यावर कळत नाही हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. त्यासाठी सुटं पान मिळतं का बघा. केल्म्स्कॉटची आणि अशा इतर छापखान्यांची सुटी पानं बाजारात मिळतात, अख्ख्या पुस्तकाच्या किमतीच्या मानानं अगदी थोडक्यात. एक अट मात्र पाळा: पान कुठल्या प्रतीतलं, ती प्रत आधीच अपुरी होती का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. पानागणिक जास्त पैसे येतात म्हणून धडधाकट पुस्तकं फोडणारे व्यापारी आहेत. बांधणी करणाऱ्या बाईनं त्यांना गिऱ्हाईक होऊ नये. ते पान फ्रेम करून भिंतीवर लावू नका. दोन पुठ्ठ्यांच्या घडीत ठेवा आणि टेबलावर आणा.

हे टेबल म्हणते तेव्हा तुमच्या हात थांबण्याकडे येते. थोरांचं काम बघून हात थांबतात, कारण तुम्ही त्यांच्या पुऱ्या झालेल्या कामाशेजारी तुमचं मनातलं, न केलेलं काम ठेवता. तिथे कुणीही हरेल. मी सुचवते ते रुक्ष आहे. कपाटातलं एक पुस्तक निवडा आणि त्याच्या बांधणीचा सांगाडा करा. कोरा स्वस्त कागद, उघडी पाठ, वर कातडं नाही, नक्षी नाही. फर्म्यांची (घडी घातलेल्या छापील तावांची) घडी किती पानांची, भोकं कुठे, शिवण सुतळीवरून की फितीवरून, हेडबँडचा (पाठीच्या टोकांवरच्या दोऱ्याच्या पट्टीचा) दोरा कुठे आत शिरतो, एवढंच उतरवायचं. चुकलं तर चुकलेलंही ठेवा, वर पेन्सिलीनं तारीख आणि कुठल्या पुस्तकावरून केलं ते लिहा. असे सांगाडे जमत गेले की तुमच्याकडे दोन संग्रह होतील आणि दुसरा जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल. एक नियमच करा ना: आधीच्या पुस्तकाचा सांगाडा झाल्याशिवाय पुढचं पुस्तक घ्यायचं नाही. खरेदीला आपोआप लगाम बसेल, यजमानांनी न सांगता.

सुंदर कातडी बांधणी करण्याची हौसही मारू नका. ती जुन्या पुस्तकावर भागवायची नाही, इतकंच. पाश्चात्त्य देशांत कलात्मक बांधणी करणारे पुष्कळदा छापखान्यातून न शिवलेले फर्मे मागून घेतात आणि त्यावर काम करतात. आपल्याकडे एखाद्या छोट्या मराठी प्रकाशकाला, कवितासंग्रह छापायला जाण्याआधी, गाठा. आता बहुतेक पुस्तकं पाठ कापून गोंदानं चिकटवलेली निघतात. एकदा ती कापली की शिवायला घडीच उरत नाही. म्हणून छपाई झाल्यावर आणि बाइंडिंगला जाण्याआधी, घड्या घातलेले पंचवीस प्रतींचे फर्मे बाजूला काढून ठेवायला सांगा. प्रकाशकाला त्याचा खर्च जवळजवळ नाही. तुम्हाला कुठलंही पाप न करता मनसोक्त काम करायला नवं, हक्काचं पुस्तक मिळेल, आणि कवीला विशेष आवृत्ती मिळेल. हा सौदा नाकारणारा कवी मला अजून भेटायचाय.

काय जमवावं, याबद्दल आणखी थोडं. तुम्ही बडोद्यात आहात, आणि तुमची यादी बघितली तर ती ब्रिस्टलमध्ये राहणाऱ्या कुणाचीही असू शकली असती. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना आणून १९१० पासून सार्वजनिक वाचनालयांचं जाळं विणलं. सेंट्रल लायब्ररीतल्या पुस्तकांच्या दालनात लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपावा म्हणून. बघितल्यात? सयाजी साहित्यमालेतली, बालज्ञानमालेतली पुस्तकं जुन्या मराठी घरांतून अजूनही निघतात. दांडिया बाजारातल्या घरांच्या माळ्यांवर काय काय पडलंय ते घर विकायला काढल्यावर कळतं, आणि तोवर रद्दीवाला येऊन गेलेला असतो. प्राच्यविद्या मंदिरात रीतसर अर्ज करून ताडपत्रं बघा. भोक पाडून दोरीत ओवलेल्या पानांची बांधणी तिथे समोर दिसते. आणि तुम्ही प्रिंटमेकिंग शिकलात म्हणता, मग इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या फेअरसाठी चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी मुलांची पुस्तकं केली होती, हे तुम्हाला मी सांगावं? ती फॅकल्टी १९५० पासून आहे. तिथे हातांनी केलेल्या छोट्या पुस्तकांची, छापांच्या पोर्टफोलिओंची इतक्या वर्षांची परंपरा आहे, आणि त्यातलं किती तरी विद्यार्थ्यांच्या खाटेखाली संपतं. लंडनचा विक्रेता ते तुम्हाला विकू शकत नाही. तुम्ही चालत जाऊन बघू शकता.

हातछपाईचं नवं बघायचं तर चेन्नईच्या तारा बुक्सची हातानं केलेल्या कागदावर सिल्कस्क्रीननं छापून हातानंच शिवलेली पुस्तकं घ्या. प्रतीवर क्रमांक असतो आणि किंमत खिशाला परवडते. अहमदाबादला जाणं होत असेल तर एलिस ब्रिजजवळच्या रविवारच्या गुजरीत (जुन्या बाजारात) सकाळी लवकर जा. तिथं लाल कापडी पाठीचे जुने हिशेबाचे चोपडे मिळतात. आपल्या बाइंडरांना तुच्छ वाटणारी ती चोपड्याची शिवण नीट बघा. वही पूर्ण सपाट उघडते आणि दुकानात रोज वापरूनही वर्षानुवर्षं पानं गळत नाहीत. तुमच्या डायऱ्यांना तिचा फार उपयोग होईल असं मला वाटतं.

गुजरीतच किंवा भंगारवाल्याकडे हाती लिहिलेली पोथी किंवा तिची चित्रांची पानं कुणी पुढे केली तर मात्र जपून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि देशाबाहेर ते पाठवता येत नाही. विकणाऱ्यापाशी कागद नसतील तर हात आखडता घ्या.

आता सासूबाईंची पोथी. इथे मी सल्ला देत नाही, विनवणी करते. ताई, देवघरातल्या पोथीला चामडं? तुमचा हेतू प्रेमाचा आहे, पण सासूबाईंना दाखवण्याआधी एकदा विचारा तरी. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पहिलं मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापलं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला शिवत नव्हते. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या पोथीच्या शाईसाठी इतका सोवळेपणा पाळला गेला, तिच्यावर बकऱ्याचं कातडं चढवायला निघालात.

सोवळं बाजूला ठेवलं तरी बांधणीच्या अंगानंही ते चुकतं. पोथी ही शिवायची वस्तूच नाही. आडवी सुटी पानं, वाचून झालं की पान वरच्या बाजूला उलटून ठेवायचं, खाली-वर दोन फळ्या, सगळं बासनात गुंडाळून दोरी. ती शिवायला डाव्या कडेला भोकं पाडली की समासातला मजकूर गेला, आणि झिजलेला कागद त्या भोकांपाशीच तुटणार. नव्या मशीनवर कडा 'सरळ' करायचा मोह तर अजिबात नको. कापलेला समास परत येत नाही.

मग करायचं काय? पानं एका वेळी एक, मऊ ब्रशनं झटकून घ्या, क्रम लावा, पानांचे आकडे पेन्सिलीनं वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा, पानावर नको. फाटलेल्या कडेला पातळ जपानी टिशू आणि गव्हाच्या पिठाची, गाळून घेतलेली पातळ खळ. फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर दारातही आणू नका. खळ ओलाव्यानं पुन्हा सुटते, पुढे कुणाला तुमचं काम उकलून नीट करायचं असेल तर करता येतं. फेव्हिकॉलनं ती वाट बंद होते. तुमच्या गुरूंनी खळीत मोरचूद घालायला शिकवलं असेल. तो वह्यांसाठी ठीक, जुन्या कागदासाठी नको, मोरचूदातल्या तांब्यानं कागद पुढे जळतो. फळ्या नव्या करा, चांगल्या मुरलेल्या लाकडाच्या, आणि लाकूड थेट कागदाला लागू नये म्हणून मधे आम्लविरहित कागद. बासनासाठी कोरं सुती कापड आणा. आधी गरम पाण्यातून दोनदा काढून त्याची खळ घालवा, खळीवर कसर येते. लाल खारवा शोभेल, पण ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटतो का ते आधी बघा.

आणि तुमची सगळी कला, ते कातडं, सोन्याची वेलबुट्टी, जे काय मनात आहे ते, या बासनासाठी केलेल्या पेटीवर येऊ द्या. सासूबाईंना चालत असेल तर कातडं, नसेल तर रेशमी कापड. पेटी आवडली नाही तर बदलता येते. पोथीला काही होत नाही. खरं तर कुठल्याही जुन्या पुस्तकाच्या बाबतीत हेच धरून चाला: मूळ बांधणी पार गेलेली असली तरी ती काढून टाकू नका, पाकिटात घालून पुस्तकाबरोबर ठेवा, आणि स्वतःची हौस पेटीवर भागवा.

ठेवण्याचं थोडक्यात. वर्कशॉप तळमजल्यावर आहे. २०१९ च्या जुलैअखेरीला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुरानं काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. खालचे दोन कप्पे आजच रिकामे करा, तिथे पुठ्ठे ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कडुनिंबाचा पाला पुस्तकाच्या पानांत घालू नका, डाग पडतात. वेखंडाची पुरचुंडी कप्प्याच्या कोपऱ्यात चालेल. जुन्या कातड्याची लाल भुकटी हाताला लागत असेल तर त्याला तेल, व्हॅसलीन काही चोळू नका. नुसतं कागदी जॅकेट घाला. नवं आलेलं पुस्तक थेट कपाटात न ठेवता महिनाभर बंद पिशवीत वेगळं ठेवून बघा, कसर दिसली तर तिथेच दिसेल.

राहिले यजमान. एक वही घाला. तुमच्याच हातची असू दे. पुस्तक, तारीख, किंमत, अवस्था, आणि शेवटचा रकाना: का घेतलं. मागची सगळी खरेदी त्यात आठवून लिहा, अंदाजे का होईना. बेरीज करा. आकडा बघून तुम्हालाच धक्का बसेल किंवा उलट हायसं वाटेल, दोन्ही होऊ शकतं. मग ती वही त्यांच्यापुढे ठेवा आणि वर्षाला किती रुपये या कामी जातील, कुठल्या खात्यातून जातील, ते दोघांनी मिळून ठरवा. त्यांची परवानगी घ्या असं मी म्हणत नाही. वर्कशॉप तुमचं, मिळकत तुमची. पण घरखर्चातली तुमची वाटणी आणि पुस्तकांचा पैसा एकाच डब्यात असेल तर दोघांनाही कायम संशय राहील. आणि पुढचं पार्सल घरच्या पत्त्यावर मागवा. पहिलं त्यांच्यासमोर उघडा, मोडकं असलेलंच, आणि आत काय दिसतं ते त्यांना दाखवा. पुठ्ठ्यामागे मोडीतला हिशेब निघाला तर आजोबांची मोडी कुणाला वाचता येते यावरून जेवण थंड होईपर्यंत चर्चा रंगेल, मराठी घरात हे नक्की. त्या वहीचा आणखी एक उपयोग: 'का घेतलं' हा रकाना ज्या पुस्तकापुढे भरता येत नाही ते विकायला काढा. कटिंग मशीनच्या पैशांना तेवढाच हातभार.

डेकोरेटरला मात्र त्यातलं एकही देऊ नका. फुटाच्या हिशेबानं पाठी मागणाऱ्याला आतलं पुस्तक नकोच असतं. त्याला वकिलांच्या जुन्या ऑफिसांतून निघणारे लॉ रिपोर्टचे गठ्ठे सांगा. एकसारखी उंची, सोनेरी आकडे, आणि कुणी उघडून बघत नाही. ते गठ्ठे बंगल्यात पाठवण्याआधी पाठी दुरुस्त करून द्यायच्या असतील तर ते काम तुम्ही घ्या आणि दर चढा लावा. नव्या मशीनवर पहिलं काम तेच होऊ द्या.